इशारा पातळी

राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी उघडला.
आपोआप उघडतो तो, पाणी चढलं की.
तरी मला कळलं.
उशाशी मोबाईल थरथरला :
विसर्ग इतका इतका क्युसेक,
राजाराम बंधाऱ्याला एकतीस फूट चार इंच,
नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क रहावं.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
बावड्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

कळंब्याचं दार कधी उघडलं
ते मला एका पेढ्यानं सांगितलं.

शेजारच्या वाघवेकरांची ओवी
दळणाचा डबा घेऊन आलेली. गाल फुगलेला.
गिरणीच्या घरघरीवरनं ओरडून मी विचारलं,
कुणाचा गं पेढा?
तिनं खालच्या आळीकडं बोट केलं.
"त्यांचा दादा आला न्हवं का, मंगळवारी."

मंगळवारी.
आणि हा शनिवार.
चार दिवस मोजले मी, उजव्या हातावर.
डाव्यावर आता तिनापुढं मोजता येत नाही,
त्याचं कारणही तोच दादा.

त्याच्या आईनं सगळ्या गल्लीत वाटले,
माझं दार तेवढं सोडून.
तिला नावं नाही ठेवत. पोर आलं तिचं घरी.
खरं सांगायचं तर
सोडायला का होईना, माझ्या दाराचा विचार
त्या दिवशी तिनंच केला.

मग आठवत बसले.
बुधवारी रात्री दार नुसतं पुढं ओढून झोपले,
मांजर ये-जा करतं म्हणून.
गुरुवारी लाईन बाजारला गेले, एकटी, चालत.
शुक्रवारी मागं गाडी थांबली, कुणीतरी शीळ घातली,
भाचा वाटला मला.
मी वळून हसले.
वळेपर्यंत गाडी गेली होती,
पण हसले मी.

ठाण्यात हवालदारांनी चहा मागवला.
वाईट माणूस नाही.
फाईल काढली, थुंकी लावून पानं उलटली.
फिर्यादी म्हणून माझी सही होती, पत्ता होता,
मोबाईल नंबर होता, दहाच्या दहा आकडे बरोबर.
"कळवायचं राहिलं बघा, ताई."

राहिलं.
जसं आमटीत मीठ टाकायचं राहतं.

जामिनाच्या कागदावर एक ओळ होती,
तीनदा वाचली :
फिर्यादीतर्फे कोणी हजर नाही.
कोर्ट माझ्या गिरणीपासून सात मिनिटांवर.
हाक मारली असती तरी चाललं असतं,
पीठ झटकून आले असते.
त्या वेळी मी कुणाची तरी ज्वारी दळत होते
आणि पलीकडं
माझं म्हणणं काय, हे मला सोडून
सगळ्यांना ऐकू आलं होतं : काही नाही.

अर्ज केलाय.
त्याला आत ठेवा असं नाही लिहिलं,
ते तुमचं कायद्यानं काय असेल ते बघा.
एवढंच मागितलंय
की दार उघडायच्या आधी मला कळवा.
तारीख, वार. जमलंच तर वेळ.
नदीला माझं नाव ठाऊक नाही,
तिनं माझ्याकडं बघून कधी कोयता उचलला नाही,
तरी तिचं तुम्ही इंचाइंचानं सांगता.

पोच मागितली.
शिक्क्याची शाई वाळलेली,
दोनदा उठवला त्यांनी,
तारखेचा आकडा काही उमटला नाही.
"लिहून घ्या की पेनानं," म्हणाले.
मी लिहिला.

आता रात्रीचे पावणेदोन.
मोबाईल थरथरला.
आज हात पटकन पुढं जाईना,
वाटलं, नदीचं नसेल.

नदीचंच होतं.
बत्तीस फूट एक इंच.
सतर्क रहावं.

आहे.